बांडा

जोलिएटमध्ये आमच्या ऑफिसच्या खिडकीतून
नदी दिसत नाही, गोदामांच्या पाठी दिसतात.
रिमांतास टोपी न काढता बसतो,
खुर्ची ट्रकच्या सीटसारखी मागे रेटतो,
म्हणतो, मिस कार्का
(कारखानीस त्याच्या जिभेवर कधी पूर्ण पोचलंच नाही),
वर्षाला चौदा हजार डॉलर भरतो मी.
उघडा नेमका कुठे आहे, तेवढं दाखव.

मी जुनं बिल पालथं घालून त्यावर ट्रक काढते.
माझा ट्रक नेहमी आगपेटीसारखा येतो.

ही लायबिलिटी. तू दुसऱ्याचं जे मोडशील, त्याची.
तुझं हाड मोडलं तर ढुंकूनही बघणार नाही.
हे कार्गो. डब्यातला माल, जो कधीच तुझा नव्हता,
टोमॅटो, टायर, कुणाच्या तरी लग्नाच्या खुर्च्या.
गारव्याचं यंत्र बंद पडून टोमॅटो सडले, तर नाही हं,
त्याला वेगळी ओळ, वेगळा हप्ता.
हे फिजिकल डॅमेज. तुझं लोखंड.
पहिले अडीच हजार तुझ्या खिशातून,
मग कंपनीला दया येते.
आणि हे

इथे माझं पेन अडतं.

ट्रेलर सोडून
नुसतं डोकं घेऊन निघालेल्या ट्रकला
इथे बॉबटेल म्हणतात.
आमच्या नेवाशाकडे
शेपूट तुटलेल्या बैलाला बांडा म्हणायचे.
बांड्याला माशा हाकता येत नाहीत,
एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.
त्यासाठी कुणी बारीक अक्षरात चौदा पानं छापली नव्हती.

तू बॉबटेल घेतला नाहीस, रिमांतास.
त्याची चुलत बहीण घेतलीस, नॉन-ट्रकिंग,
महिन्याला नऊ डॉलर स्वस्त.
ती फक्त तू स्वतःचा असताना तुझी.
कामाचा वास आला की तोंड फिरवते.

बारा फेब्रुवारी.
चार वाजून दोन मिनिटांनी ट्रेलर सोडला.
चार तेराला रूट तीसवर, काळ्या बर्फावर
तू एका दंतवैद्याच्या गाडीत शिरलास.
मधली अकरा मिनिटं कुणाची,
यावर तीन महिने घोंगडं भिजत पडलंय.
मालवाहतूक कंपनीची विमा कंपनी म्हणते,
माल उतरला, संबंध संपला. तो घरी चालला होता.
तुझी म्हणते, घर उजवीकडे, हा डावीकडे वळला,
आणि चार सातला डिस्पॅचरचा फोन उचलला.
म्हणजे कामावरच.
दोन कंपन्या, चार हात,
चारही वर.

फॉर्मवर प्रश्न आहे:
त्या वेळी आपण कोणासाठी रस्त्यावर होता?
उत्तराला दीड इंच जागा.

मी साडेपाचला कॉम्प्युटर बंद करते,
गाडीत बसते, आणि पार्किंगमधून निघेपर्यंत
साहेबांचे दोन मेसेज वाचते.
त्या वेळी मी कोणाची,
हे मला अजून कुणी विचारलेलं नाही.
गाडी अजून कशाला लागलेली नाही, म्हणून.

रिमांतास आगपेटीकडे बघत राहतो.
डावीकडे, तो म्हणतो, काळ्या पावाचं दुकान आहे.
पाच वाजता बंद होतं.
आणि लोरेटा फोनवर म्हणाली, उद्या पहाटे पाचला ये.
मी हो म्हणालो.
पाव पण खरा, हो पण खरं.
दोन्ही मावतं का बघ.

मी अक्षर बारीक करते.
'पाव' मावतो. 'हो' समासात जातो,
तिथून खाली वळून
सहीच्या रेघेवर पाय ठेवतो.

उठता उठता तो विचारतो,
आता सगळं समजलं, तर हप्ता कमी होईल?
वाढेल, मी म्हणते.
तो आज पहिल्यांदा हसतो.
दात चांगले आहेत त्याचे.